ईमेल सर्व्हरचा डेटाबेस ६१२ जीबी झाला आहे, फाइल लहान कशी करावी?

भोसरीकर (धागाकर्ता)

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत जिग आणि फिक्श्चर बनवणाऱ्या एका लहान कारखान्याचे संगणक, नेटवर्क आणि ईमेल असे सगळे काम मी एकटा पाहतो. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हर या ईमेल प्रणालीची २०१६ ची स्टँडर्ड आवृत्ती हायपर-व्हीवरच्या एका व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकावर) चालते. तिच्यात ४६ मेलबॉक्स आहेत आणि ते सगळे एकाच डेटाबेसमध्ये आहेत. आज सकाळी त्या डेटाबेसची मुख्य फाइल (ईडीबी) ६१२ जीबी भरली. ती ज्या डी ड्राइव्हवर आहे त्याची एकूण क्षमता ७५० जीबी असून आता त्यावर जेमतेम ४८ जीबी मोकळे आहेत, आणि दर दिवशी दीड ते दोन जीबी जागा कमी होत आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मालकांच्या सहीने परिपत्रक काढून सर्वांना जुने मेल काढून टाकण्यास सांगितले होते. लोकांनी ते मनापासून केले; स्टोअरमधले एक वयस्कर सहकारी तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येऊन चार तास मेल निवडत बसले होते. इतके होऊनही फाइल एक एमबीनेसुद्धा उतरली नाही. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. ईएसईयूटिल या साधनाने फाइल आवळता येते असे वाचले आहे. ते करावे का, की दुसरा मार्ग आहे? ग्राहकांनी मंजूर केलेली सगळी ड्रॉइंग याच मेलमध्ये आहेत, त्यामुळे प्रयोग करून पाहण्याची माझी तयारी नाही.

रात्रपाळी

भोसरीकर, ईएसईयूटिलला आत्ता हात लावू नका. त्याआधी तुमच्याच आकड्यांची बेरीज करून पाहा. फाइल ६१२ आणि मोकळी जागा ४८ मिळून ६६० होतात. ड्राइव्ह ७५० चा आहे. मधले ९० जीबी कोणी खाल्ले?

माझा कयास असा आहे की ते ट्रान्झॅक्शन लॉग आहेत. एक्स्चेंज प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिते आणि मग ईडीबी फाइलमध्ये उतरवते. २००७ च्या आवृत्तीपासून अशी प्रत्येक लॉग फाइल बरोबर १ एमबीची असते, म्हणजे त्या फोल्डरमध्ये तुम्हाला नव्वद हजारांच्या आसपास लहान फायली सापडतील. एक्स्चेंजची जाण असलेला पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की सर्व्हर स्वतःहून जुने लॉग काढून टाकतो. ते साचले आहेत याचा अर्थ तुमचा बॅकअप एक्स्चेंजच्या दृष्टीने झालेलाच नाही. पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करून सर्व्हर हाताळण्याच्या खिडकीत) गेट-मेलबॉक्सडेटाबेस ही आज्ञा स्टेटस पर्यायासह चालवा आणि लास्ट-फुल-बॅकअप या रकान्यात कोणती तारीख आहे ते इथे लिहा.

एक विनंती कळकळीने करतो: ते लॉग फोल्डर उघडून हाताने काही पुसू नका. सर्व्हर अचानक बंद पडला तर डेटाबेस पुन्हा उभा करण्यासाठी त्यांतलेच काही लॉग लागतात, आणि नेमके कोणते ते नुसत्या नजरेने सांगता येत नाही. जागेसाठी लॉग पुसले, त्याच रात्री वीज गेली आणि सकाळी डेटाबेस चढेना (सुरू होईना), अशी दोन प्रकरणे मी स्वतः निस्तरली आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी शेवटी आठवड्याभराचे मेल परत मिळालेच नाहीत.

भोसरीकर

तो रकाना रिकामा आहे, आणि लॉगच्या फायली ९१ हजारांहून अधिक आहेत.

आमचा बॅकअप आधीच्या पुरवठादाराने बसवून दिला होता. तो रोज रात्री संपूर्ण व्हर्च्युअल मशीनची प्रत काढतो आणि सकाळी मला यशस्वी असा हिरवा शेरा दिसतो. त्या शेऱ्यावर मी चार वर्षे विसंबून होतो.

रात्रपाळी

मशीनची प्रत निघत होती हे खरे आहे, पण ती चालत्या यंत्राची वीज काढून घेतल्यासारखी प्रत आहे. प्रत काढण्यापूर्वी विंडोजच्या शॅडो कॉपी सेवेमार्फत एक्स्चेंजला थांबण्याचा निरोप जायला हवा आणि प्रत झाल्यावर झाल्याचा निरोप जायला हवा. तुमच्या बॅकअपमध्ये ॲप्लिकेशनची दखल घेणारा पर्याय बंद असणार. तो चालू करा, हायपर-व्हीच्या बाजूलाही त्या मशीनसाठी बॅकअपची इंटिग्रेशन सेवा चालू आहे ना ते पाहा आणि आज रात्रीच पूर्ण बॅकअप घ्या. उद्या लॉग गेलेले दिसतील. त्यानंतर त्या बॅकअपमधून एखादा मेलबॉक्स दुसरीकडे परत मिळवून पाहा. ते जमल्याखेरीज पुढची कोणतीही पायरी चढू नका.

पंचगंगा

मी कोल्हापुरात एका फाउंड्रीचे हेच काम पाहते. आमचा डेटाबेस तुमच्याहून थोडा लहान होता, पण स्थिती अगदी हीच होती, म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर सविस्तर देते.

मेल पुसल्याने ईडीबी फाइल लहान होत नाही, कधीच होत नाही. वापरकर्त्याने मेल पुसला, डिलीटेड आयटेम्सही रिकामे केले, तरी मूळ सेटिंगप्रमाणे तो मेल पुढचे १४ दिवस परत मिळवता येण्याजोग्या कप्प्यात राहतो. ते दिवस सरल्यावर रात्रीच्या देखभालीत त्याची पाने मोकळी होतात, पण ती फाइलच्या आतच मोकळी होतात. गोदामातला माल हलवला म्हणून गोदामाच्या भिंती आत सरकत नाहीत. फक्त पुढचा माल ठेवायला मांडणी रिकामी होते. तुमच्या सहकाऱ्यांची मेहनत त्या अर्थाने वाया गेलेली नाही, कारण नवे मेल आधी त्या मोकळ्या पानांवर बसतील. ही आतली मोकळी जागा किती आहे ते त्याच आज्ञेतल्या अव्हेलेबल-न्यू-मेलबॉक्स-स्पेस या रकान्यात दिसते.

आता ईएसईयूटिल. त्याने फाइल खरोखर लहान होते, पण त्यासाठी डेटाबेस उतरवावा (बंद करावा) लागतो, म्हणजे तेवढा वेळ संपूर्ण कारखान्याचे ईमेल बंद. शिवाय डेटाबेसच्या ११० टक्के इतकी मोकळी जागा हाताशी ठेवावी लागते. तुमच्या बाबतीत ती सुमारे ६७३ जीबी झाली. काम संपल्यावर डेटाबेसची ओळखच बदलते, त्यामुळे जुन्या बॅकअपवर नंतरचे लॉग चढवता येत नाहीत आणि लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो. इतके सोसून तुम्हाला आतल्या मोकळ्या जागेएवढाच लाभ होणार.

त्यापेक्षा नवा डेटाबेस उघडा, मेलबॉक्स एकेक करून त्यात हलवा आणि शेवटी जुनी फाइल काढून टाका. हलवण्याचे काम चालू असताना माणूस आपले मेल वाचत-लिहीत राहू शकतो. अगदी शेवटी काही क्षण त्याचे आउटलुक तुटते आणि पुन्हा जोडले जाते. नव्या डेटाबेसमध्ये फक्त खरा मजकूर जातो, रिकामी पाने मागेच राहतात. स्टँडर्ड आवृत्तीत पाच डेटाबेस चढवता येतात. त्यामुळे पुन्हा एकाच फाइलीत सगळे कोंबू नका, तीन तरी करा. एखादा बिघडला तर तेवढ्याच लोकांचे काम अडते आणि तेवढाच बॅकअपमधून परत आणावा लागतो.

भोसरीकर

पंचगंगाताई, आपण दिलेल्या उत्तराची छापील प्रत मी स्टोअरमध्ये नेऊन दाखवली.

कालच्या बॅकअपनंतर जवळजवळ सगळे लॉग गेले आणि मोकळी जागा १३६ जीबी झाली. आतली मोकळी जागा ३८ जीबी निघाली, म्हणजे खरा मजकूर ५७४ जीबी आहे. मेलबॉक्सच्या आकारानुसार यादी काढली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. चौकशीसाठीचा सामाईक मेलबॉक्स ११८ जीबी, डिझाइन प्रमुखांचा ८४, मालकांचा ६१, खरेदी विभागाचा ४७ आणि २०१९ मध्ये नोकरी सोडून गेलेल्या एका अभियंत्याचा ३३. पाच मेलबॉक्समध्ये ३४३ जीबी आहेत आणि उरलेल्या ४१ जणांनी मिळून २३१ व्यापले आहेत. मी परिपत्रक मात्र सगळ्यांना काढले होते.

रात्रपाळी

डिझाइन असलेल्या प्रत्येक कारखान्यात हेच दिसते. २००७ च्या आवृत्तीपर्यंत एकाच डेटाबेसमधल्या दहा जणांना गेलेले अटॅचमेंट एकदाच साठवले जात असे. २०१० च्या आवृत्तीपासून वेगासाठी ती सोय काढून टाकली. आता १८ एमबीचे ड्रॉइंग बारा जणांना प्रतीसह पाठवले की २१६ एमबी भरतात, आणि कोणी सर्वांना उत्तर देताना ते पुन्हा जोडले की आणखी तेवढेच. ड्रॉइंग फाइल सर्व्हरवर ठेवून मेलमध्ये फक्त दुवा पाठवण्याची सवय लागली तर वाढीचा मोठा भाग तिथेच थांबतो.

इंद्रायणी

इथे कोणी न मांडलेला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सर्वसाधारण आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मदत आणि दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मार्च २०२१ मध्ये उघड झालेल्या त्रुटींनी जगभरातले असंख्य छोटे सर्व्हर काही दिवसांत पोखरले गेले होते, हे या कामातल्या प्रत्येकाला आठवत असेल. सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारा ईमेल सर्व्हर इंटरनेटला जोडून ठेवणे हा जागेच्या टंचाईहून मोठा धोका आहे.

मग त्याच जुन्या सर्व्हरवर ५७४ जीबी एकदा हलवायचे आणि काही महिन्यांनी नव्या सर्व्हरवर पुन्हा हलवायचे, असे दुहेरी श्रम कशासाठी? लॉग गेल्यामुळे तुम्हाला दोनेक महिन्यांची उसंत मिळाली आहे. तेवढ्यात नवा सर्व्हर घ्या, त्यावर एक्स्चेंजची नवी आवृत्ती, सबस्क्रिप्शन एडिशन, बसवा आणि मेलबॉक्स थेट तिथल्या नव्या डेटाबेसमध्ये न्या. २०१६ वरून जागच्या जागी बढती होत नाही, पण २०१६ वर २३ क्रमांकाचे अपडेट असेल तर दोन्ही सर्व्हर शेजारी-शेजारी चालतात. फाइल लहान करण्याचा प्रश्न त्यातच सुटतो.

भोसरीकर

क्लाउडवर जावे असे मालकांच्या भाच्याचे मत आहे. त्यामुळे ही साफसफाई करण्याची गरजच उरणार नाही, असे ते म्हणतात.

इंद्रायणी

क्लाउडवर जाणे वाईट नाही. एकट्या माणसाने सर्व्हर सांभाळण्याचा भार त्याने उतरतो आणि ४६ जणांसाठी तो विचार अवश्य करावा. पण साफसफाई टळत नाही. एक्स्चेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या प्लॅन २ मध्ये मुख्य मेलबॉक्सची मर्यादा १०० जीबी आहे, तुमचा चौकशीचा मेलबॉक्स तिथेही मावत नाही. वर ५७४ जीबी तुमच्या इंटरनेट जोडणीच्या अपलोडमधून चढवायचे आहेत. कुठेही गेलात तरी आधी ओझे हलके करावे लागेल.

पंचगंगा

इंद्रायणींशी सहमत आहे. दोनदा हलवू नका.

ओझे हलके करण्याबाबत अनुभवाचे दोन शब्द. पुसलेला मेल १४ दिवस त्या कप्प्यात राहतो आणि मेलबॉक्स हलवताना तो कप्पाही बरोबर जातो. आज पुसून उद्या हलवलेत तर कचराही नव्या घरात येईल. म्हणून आधी साफसफाई, मग पंधरा दिवस थांबणे आणि मगच स्थलांतर, असा क्रम ठेवा.

पीएसटी फायलींचा (आउटलुकचे मेल सर्व्हरबाहेर साठवणाऱ्या फायलींचा) मोह मात्र टाळा. प्रत्येकाच्या संगणकावर पीएसटी करून ठेवली की सर्व्हर हलका दिसतो, पण त्या फायलींचा बॅकअप कोणी घेत नाही. त्या सामाईक फोल्डरवर ठेवून आउटलुकमधून उघडणे मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, आणि आमच्याकडे तशाच ठेवलेल्या दोन फायली बिघडल्या. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा मेलबॉक्स पीएसटीत काढून, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवणे एवढाच तिचा योग्य उपयोग मला दिसतो. एक्स्चेंजमधल्या आर्काइव्ह मेलबॉक्ससाठी (जुने मेल वेगळे ठेवण्याच्या जोड-मेलबॉक्ससाठी) एंटरप्राइझ दर्जाचा परवाना लागतो. शिवाय तो आर्काइव्हही तुमच्याच डिस्कवर बसतो, त्यामुळे एकूण भार घटत नाही.

हिशेबनीस

मी लेखापरीक्षण क्षेत्रात आहे. तांत्रिक बाजू माझी नव्हे, परंतु काय पुसावे हा प्रश्न निघाला म्हणून लिहितो. हा निर्णय संगणक विभागाने एकट्याने घेऊ नये.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. अपील वा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागल्यानंतरही एक वर्ष. आपली संस्था कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांच्याशी संबंधित व्हाउचर आठ आर्थिक वर्षांची लागतात. प्रत्येक मेल काही हिशेबाचे पुस्तक नसते, हे मान्य. पण खरेदीचे आदेश, बिले, दरातील बदलाला ग्राहकाने दिलेली संमती आणि मालाच्या तक्रारी आजकाल फक्त मेलवरच असतात. खरेदी, विक्री आणि लेखा या तीन मेलबॉक्सना वयानुसार सरसकट कात्री लावू नका. मालक, लेखा विभाग आणि आपण एकत्र बसून काय ठेवायचे ते लेखी ठरवा आणि त्यावर मालकांची सही घ्या.

भोसरीकर

सात आठवड्यांनी परत येत आहे. मदत करणाऱ्या सर्वांना काय झाले ते कळायला हवे, आणि एक चूकही सांगायची आहे.

मालक, लेखा विभागाच्या बाई आणि मी अशी एक दुपार बसलो. चौकशीच्या मेलबॉक्समधली जी ड्रॉइंग प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आधीच होती, ती तपासून मेलमधून काढली. तो मेलबॉक्स ११८ वरून ५२ जीबीवर आला. या कामाला डिझाइनमधल्या दोघांचे सलग सहा दिवस गेले, कारण मंजुरीचा मूळ मेल राहिला पाहिजे आणि फक्त अटॅचमेंट गेले पाहिजे, असा मालकांचा आग्रह होता. तो योग्यच होता. गेलेल्या अभियंत्याचा मेलबॉक्स पीएसटीत काढून दोन ठिकाणी ठेवला. लेखा आणि खरेदी विभागाचे काहीही पुसले नाही. मग पंधरा दिवस थांबलो.

नव्या सर्व्हरवर १.९२ टीबीच्या दोन एसएसडी एकमेकींची प्रत ठेवतील अशा जोडल्या आणि तीन डेटाबेस उघडले. चूक इथे झाली. पहिले दोन डेटाबेस उघडताना ईडीबी फाइल आणि लॉग या दोन्हींचा मार्ग लिहिला. तिसऱ्याच्या वेळी फक्त ईडीबीचा लिहिला. लॉगचा मार्ग दिला नाही तर ते सी ड्राइव्हवर एक्स्चेंजच्याच फोल्डरमध्ये जातात, हे ध्यानात आले नाही. मेलबॉक्स हलवताना जेवढा मजकूर नव्या डेटाबेसमध्ये येतो जवळपास तेवढेच लॉग तयार होतात, हेही मी गृहीत धरले नव्हते. सी ड्राइव्हवर ४१ जीबी मोकळे होते. मालकांच्यासह नऊ मेलबॉक्स आधीच पोहोचले होते आणि रात्री डिझाइन प्रमुखांचा चालू होता. पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी ड्राइव्ह भरला आणि डेटाबेस आपोआप उतरला. सकाळी सात वाजता मालकांचा फोन आला.

लॉग पुसण्याचा विचार मनात आला होता, हे खरे सांगतो. रात्रपाळी यांचा पहिला प्रतिसाद आठवला आणि हात आवरला. सी ड्राइव्हची व्हर्च्युअल डिस्क १०० जीबीने वाढवली आणि डेटाबेस चढवला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा उतरवून लॉग योग्य जागी हलवले. बाहेरून येणारे मेल तेव्हा अजून जुन्याच सर्व्हरमार्फत येत होते, त्यामुळे त्या नऊ जणांचे मेल तिथल्या रांगेत थांबले आणि डेटाबेस चढताच पोहोचले. एकही मेल हरवला नाही.

तिन्ही डेटाबेस मिळून आज सुमारे ४७५ जीबी आहेत. आता एकच अडचण उरली आहे. सगळे ४५ मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर आहेत, तरी जुना डेटाबेस काढताना त्यात अजून मेलबॉक्स आहेत असा संदेश येतो. यादीत मात्र काहीच दिसत नाही.

पंचगंगा

लॉगचा अंदाज आधीच सांगायला हवा होता, तो माझ्याकडून राहिला. पुढे कोणी हा धागा वाचून स्थलांतर करणार असेल त्याच्यासाठी: एका रात्रीत हलवणार तेवढ्या मेलबॉक्सच्या बेरजेहून अधिक जागा लॉगच्या ड्राइव्हवर ठेवावी आणि दर रात्रीच्या हप्त्यानंतर पूर्ण बॅकअप घेऊन लॉग मोकळे करावेत.

उरलेले मेलबॉक्स यंत्रणेचे आहेत. गेट-मेलबॉक्स ही आज्ञा आर्बिट्रेशन पर्यायासह आणि नंतर ऑडिट-लॉग पर्यायासह चालवा, तिथे ते दिसतील. शोधकामासाठीचा डिस्कव्हरी मेलबॉक्सही तपासा. हे सगळे नेहमीच्याच पद्धतीने नव्या डेटाबेसमध्ये हलवा. नंतर जुना डेटाबेस लगेच काढू नका. दोन आठवडे नुसता उतरवून ठेवा. एखाद्याचे काही राहिले असेल तर तेवढ्या काळात लक्षात येते.

भोसरीकर

आर्बिट्रेशनचे आणि ऑडिटचे मेलबॉक्स सापडले, हलवले. डेटाबेस दोन आठवडे उतरवून ठेवला होता, कोणाचीही तक्रार आली नाही. आज तो काढला. आज्ञा दिल्यावर फक्त नोंद जाते आणि ईडीबी फाइल डिस्कवर तशीच राहते, ती आपल्या हाताने काढावी लागते. शेवटच्या बॅकअपमधून स्टोअरमधल्या त्या सहकाऱ्यांचा मेलबॉक्स परत मिळवून पाहिला, २०१८ मधला एक मेल त्यांना उघडून दाखवला आणि मग ती ६१२ जीबीची फाइल त्यांच्यासमोरच पुसली.